चार शिफ्टचा पिक्चर

हाशिम जॉबरला पिक्चरचं वेड किती, हे धामणकर नाक्यावर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणजे एके काळी नव्हती. नाक्यामागच्या अफजल सेठच्या कारखान्यात तो अडतीस वर्षं लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, दुरुस्त करतोय. लूम अडलं की जो माणूस पाना घेऊन त्याच्या पोटात शिरतो त्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात, आणि जॉबर चांगला असेल तर सेठसुद्धा त्याच्याशी दबून बोलतो. हाशिम चांगला होता. पण गल्लीत त्याचं नाव होतं ते पान्यामुळे नव्हे, पिक्चरमुळे.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, आणि नवा पिक्चर लागतो तोही शुक्रवारीच. ही वरच्याची खास भिवंडीकरांवर मेहेरबानी आहे असं हाशिमचं ठाम मत होतं. जुम्म्याची नमाज झाली, दोन घास पोटात गेले, की गडी थेट थेटरात. आणि शनिवारी सकाळी शिफ्टला आला की अख्खा पिक्चर कारखान्याला सांगायचा.

आता लूमच्या कारखान्यात पिक्चर सांगायचा म्हणजे कसा? चोवीस लूम एकदम खडखडायला लागले की शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता बोलतात. ओठ सावकाश, ठळक हलवायचे आणि जोडीला हात. नवा माणूस महिनाभरात शिकतो. हाशिम त्या बोलीतला उस्ताद. तो चौथ्या लूमपाशी उभा राहून मारामारी दाखवायचा आणि तिकडे अकराव्या लूमवर नवशा पोट धरून हसायचा. नवशा पडघ्याकडचा, वीस वर्षं याच कारखान्यातला विणकर. त्याने थेटरात पाहिलेले पिक्चर दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील, पण हाशिमच्या हातांवर पाहिलेले शेकड्यांनी होते.

ज्या खडखडाटाने ही बोली शिकवली, त्यानेच हाशिमचे कान खाल्ले. एकदम नाही, वर्षानुवर्षं, कुरतडून कुरतडून. आधी अजान लांब गेली, मग फोनवरचं बोलणं गेलं, मग दारावरची कडी. डॉक्टरने सांगितलं, आवाज येईल पण शब्द फुटून कळणार नाहीत. कानाचं मशीन आणलं तर बाकी सगळं सोडून पंख्याची घरघरच मोठी व्हायला लागली. मशीन कपाटात गेलं ते गेलंच.

आणि सहा वर्षांपूर्वी थेटरात ते घडलं. पडद्यावर एक माणूस फोन कानाला लावून विचित्र तोंड करत होता. हाशिमला वाटलं, झाला विनोद, आणि तो खदाखदा हसला. एकटाच. त्या माणसाला आई वारल्याचा फोन आला होता. पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. एक तरणा पोरगा काहीतरी बोलला. हाशिमला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येतात ना, त्याने वाचले. "चाचा, घर जाओ."

तो घरी आला आणि साजिदाला म्हणाला, "हल्लीचे पिक्चर म्हणजे निव्वळ बकवास. आपण नाय जाणार पुन्हा." साजिदा म्हणजे त्याची बायको.  शनिवारी नवशाने लूमपलीकडून भुवया उडवून विचारलं, कसला होता? हाशिमने हात झटकला. पुढच्या शनिवारी परत तेच. काही महिन्यांनी नवशाने विचारायचं सोडून दिलं. हाशिमला त्याचं वाईट वाटलं. कान गेल्याचं वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी रमशा कामावरून आली. रमशा ही त्याची धाकटी, हायवेवरच्या एका गोदामाच्या ऑफिसात असते. टेमघरच्या त्या दोन खोल्यांत आता ही तीनच माणसं. तिने चप्पल काढली, बापाच्या खांद्याला हात लावला, तो वळल्यावर समोर येऊन उभी राहिली आणि मग तोंड उघडलं. हाशिमशी बोलायची हीच पद्धत.

"अब्बा, शुक्रवारी तुम्ही कुठे जाता?"

"नमाजला."

"त्यानंतर?"

"पाय मोकळे करायला. का?"

"पाय मोकळे करायला थेटरासमोर जाता. पोस्टर बघता आणि परत येता. दर शुक्रवारी. नवशाकाका भेटले आज रिक्षाच्या लायनीत. बोलले, मी सुट्टीच्या बाजाराला येतो तवा तुजा बाप तितं उबा असतो. पायरीपर्यंत जातो नि माघारी फिरतो. मला बगवत न्हाय पोरी."

हाशिमचा चेहरा असा झाला की बिचाऱ्याला कुठे लपू असं झालं असावं. मग अर्थातच तो चिडला. "नवशाला काय पडलंय? बाजाराला येतो तर भाजी घ्यावी नि गप घरी जावं!"

"तुम्ही दोन शुक्रवार ज्याचं पोस्टर बघताय ना, तो बसवाला, तो आता घरी बघता येतो. या टीव्हीवर."

"थेटरात चालू असलेला पिक्चर घरी?" हाशिम ताडकन उठला. "म्हणजे चोरीचा! माझ्या घरात?"

इथे सांगायला पाहिजे, या बाबतीत हाशिम म्हणजे भलताच कडक. सीडीच्या जमान्यात अख्ख्या मोहल्ल्याने हलते, अंधारे थेटर प्रिंट बघितले, मधेच कुणाचं तरी डोकं पडद्यावरून चालत जायचं ते सुद्धा बघितलं. याने एक पाहिला नाही. कापड विणलंय कुणी आणि विकतंय कोण, असं म्हणायचा.

"चोरीचा नाही हो. ज्यांनी बनवलाय तेच देतात, भाड्याने. एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तास आपला. मग आपोआप बंद."

"पावती दाखव."

रमशाने फोनवरचा मेसेज दाखवला. हाशिमने चष्मा लावून त्यातले आकडे दोनदा तपासले. "अठ्ठेचाळीस तास," तो पुटपुटला. "म्हणजे चार शिफ्ट." बारा तासांच्या शिफ्टमध्ये जन्म काढलेला माणूस, त्याला दिवस-रात्र अशीच कळते. मग आपण इंटरेस्ट दाखवतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने घाईघाईने तोंड पाडलं. "मला नको. ज्याला ऐकू येत नाही त्याने काय बघायचं? तुम्ही मायलेकी बघा."

"उद्या जुम्म्यानंतर तिघं बघायचा. तोवर हात लावू नका," असं बजावून ती आंघोळीला गेली. साजिदा आत भाकऱ्या थापत होती. बाहेर राहिला हाशिम, टीव्ही आणि रिमोट.

आता तुम्हीच सांगा, जॉबरच्या पुढ्यात नवं मशीन ठेवायचं आणि हात लावू नको म्हणायचं, हे कधी झालंय का? जॉबर लूम दुरुस्त करतो तेव्हा तो विणकराला म्हणत नाही, घे झालं. आधी चालू करतो, चार बोटं कापड उतरवून बघतो, मग बंद करतो आणि मग ताब्यात देतो. अडतीस वर्षांची सवय. रमशाने पिक्चर आणलाय खरा, पण चालतोय की नाही? उद्या ऐन वेळी अडला तर? हाशिमने बटण दाबलं. पडद्यावर एक म्हातारा ड्रायव्हर भंगारात उभ्या असलेल्या लाल बसला हात लावून काहीतरी म्हणाला. हाशिमच्या कानात नुसतं हूं हूं हूं आलं. त्याने आवाज वाढवला. हूं हूं मोठं झालं, बस्स. म्हाताऱ्याचे ओठही मिशीखाली लपलेले. पाच-सात मिनिटं त्याने डोळे फाडून पाहिलं आणि मग बंद करून टाकलं.

रमशा डोकं पुसत बाहेर आली आणि टीव्हीकडे बघून किंचाळली. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, शिल्लक वेळ सत्तेचाळीस तास बावन्न मिनिटं.

"अब्बा! सुरू केलात?"

"चालवून बघितलं फक्त. बंद केलं ना लगेच."

"बंद केलं तरी घड्याळ बंद होत नाही! आता सहा वाजलेत. परवा सहाला संपणार हा!"

हाशिमने घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पोरीने हौसेने आणलेली वस्तू आपण बिघडवली, आणि बिघडवली ती पण जॉबर असून. त्याची मान खाली गेली. "वाया घालवलं मी," तो म्हणाला. रमशा चांगली फणकारणार होती, पण ते तोंड बघून तिचा राग तिथेच विरघळला. "वाया कसलं जातंय? सव्वादोन तासांचा तर आहे. उद्या एका बैठकीत उरकतो," ती म्हणाली.

उरकतोय कसला! शुक्रवारी रमशा ऑफिसातून लवकर निघून आली आणि तीन वाजता तिघं बसली. रमशाने खाली इंग्रजी अक्षरं लावली होती, दुसऱ्या भाषेतली नव्हतीच. हाशिमची शाळा उर्दू, मराठी पेपर तो रोज वाचतो, पण इंग्रजीत मशीनच्या पार्टांची नावं सोडली तर बोंब. पहिला शब्द जुळवेपर्यंत ओळ गायब, दुसरी हजर. अक्षरं वाचू की माणसं बघू? दहा मिनिटांत मायलेकी एकदम हसल्या आणि हाशिम पण हसला, मागून, उगाच, तोंडदेखलं. ते हसू त्याचं त्यालाच इतकं लागलं की तो उठला.

"मी जरा पडतो आत."

रमशाने आईकडे पाहिलं.  साजिदाबद्दल एक सांगायचं राहिलं. ती चार लूमवाल्याची मुलगी. खाली बापाचे चार लूम, वर राहायची खोली, असल्या घरात वाढली. शाळेत जायच्या आधी ती ओठांची बोली बोलायला शिकली, कारण त्या घरात भूक लागली हे सांगायचं तरी दुसरा इलाज नव्हता. ती उठली. मोरीतलं स्टूल आणून तिने टीव्हीच्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसली, पाठ पडद्याकडे, तोंड नवऱ्याकडे.

"बसा खाली," ती म्हणाली, आवाज न काढता. "धागा तुटला की हात करा."

हाशिम तसाच उभा राहिला. कारखान्यात धागा तुटला की विणकर लूम थांबवतो, गाठ मारतो, परत चालू करतो. तुटल्या धाग्यावर कुणी लूम चालवत नाही, कापड वाया जातं. आणि लांबच्याला सांगायची खूण म्हणजे चिमूट धरायची आणि झटकन सोडायची.

"रमशा, तू लूमवर," साजिदा म्हणाली. रमशाने रिमोट उचलला.

हाशिम बसला. पिक्चर सुरू झाला. निवृत्त झालेला ड्रायव्हर आपलीच जुनी बस भंगारातून पळवतो, गावातल्या एका मुलीच्या लग्नाला वऱ्हाड न्यायला, अशी ती कथा. रस्त्यात पोलीस बस अडवतो. दोघांचं काहीतरी बोलणं होतं. हाशिमने चिमूट सोडली. रमशाने पिक्चर थांबवला. साजिदा ओठांनी आणि हातांनी सांगायला लागली. "पोलीस विचारतोय, लायसन कुठाय? हा बोलतो, साहेब, माझ्या बसमध्ये राहिलं. पोलीस बोलतो, मग ही कोणाची? हा बोलतो, ही? ही चोरीची आहे."

हाशिम फुटला. असा फुटला की त्याला ठसका लागला. आणि तेव्हा त्याने पाहिलं, रमशा तोंडावर ओढणी दाबून बसली होती. तिने विनोद केव्हाच ऐकला होता, पण बाप हसेपर्यंत हसू दाबून धरलं होतं. आता ती पण सुटली. तिघंही एकदम हसली. हाशिमला हसता हसता भरून आलं आणि ते लपवायला त्याने रमशालाच दम भरला, "चल, चालू कर! काम करायला बसलीस की खिदळायला?"

मग काय विचारता! धागा तुटतोय, गाठ बसतेय, पिक्चर पुढे सरकतोय. सुरुवातीला दर मिनिटाला चिमूट. साजिदाचं सगळंच काही बरोबर असायचं असं नाही. एकदा तिने नवरदेवाच्या मामाला बाप करून टाकलं आणि अर्धा तास हाशिमला काही कळेना, मग मागे जाऊन सगळं उसवून परत विणावं लागलं. भांडणं झाली. "नीट सांग गो, सगळं सांग, आपल्या मनाने काटू नको!" "मग आणा दुसरी बायको, डबल शिफ्टवाली!" असरची नमाज झाली, चहा झाला, दिवेलागणीची मगरिब झाली. आणि रात्रीच्या इशाची वेळ झाली तेव्हा पडद्यावर कुठे इंटरवल आला होता.

साजिदाचं तोंड दुखायला लागलं होतं, खरोखरचं. रमशाने कोपऱ्यातला आकडा बघितला. एकवीस तास राहिले होते. उद्या शनिवार. हाशिमची शिफ्ट सात ते सात, आणि पिक्चर मरणार सहाला. काल ते चालवून बघितलं नसतं, तर रविवार दुपारपर्यंत मुदत होती. हे तिघांनाही कळलं.

"अर्धा झाला ना, पुष्कळ झाला," हाशिम म्हणाला. तो उठला, जेवायला बसला, दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला. साजिदा त्याच्याकडे बघत होती. सहा वर्षं पोस्टर बघून परत फिरणाऱ्या माणसाला अर्धा पुष्कळ कसा होईल?

"अफजल सेठला फोन लाव," तो एकदम म्हणाला.

साजिदा चाटच पडली. अडतीस वर्षांत या माणसाने रजा घेतली ती मयतीला, लग्नांना आणि एकदा काविळीला. "काय सांगू? ताप आलाय?"

"खोटं नको. आहे ते सांग."

तिने फोन लावला. बोलताना तोंड नवऱ्याकडे ठेवलं, म्हणजे त्याला तिचे ओठ वाचता येतील. "सलाम सेठ. हाशिमभाई उद्या येणार नाहीत... नाही, तब्येत बरी आहे... नाही, कोणी गेलं नाही... पिक्चर अर्धा राहिलाय." मग ती नुसती ऐकायला लागली. हाशिमचा जीव टांगणीला. "काय बोलतो?"

"विचारतायत कुठला. सांगितलं. बोलतात, खबरदार मला शेवट सांगितलात तर, मी परवा जाणार आहे." तिला हसू आवरेना. "आणि बोलतात, उद्याचं नवशा सांभाळेल. पण सोमवारी हाशिमभाईने सगळ्यांना नीट सांगायचा."

हाशिमने उरलेली भाकरी खाल्ली. आणखी एक मागून घेतली.

शनिवारी नऊ वाजता तिघं परत आपापल्या जागी. रमशाची शनिवारी अर्धी सुट्टी असते, तिने ती पुरी करून घेतली. गंमत बघा, आज चिमूट कमीच सुटत होती. माणसं ओळखीची झाली होती. मिशीवाला ड्रायव्हर चिडला की डावा खांदा उडवतो, नवरदेवाचा मामा खोटं बोलायच्या आधी टोपी सारखी करतो, हे हाशिमला कळून चुकलं होतं. कधी कधी तर साजिदा सांगायच्या आधीच तो मान हलवायचा, कळलं, पुढे चल. शेवटी ड्रायव्हर बस परत भंगारात आणून लावतो आणि उतरून चालायला लागतो. त्या शेवटच्या दहा मिनिटांत कुणी एक शब्द बोलत नाही. एकही धागा तुटला नाही. हाशिम रडला, सरळ रडला, रुमालसुद्धा शोधला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि साजिदाला विचारलं, "कसला जबरदस्त होता! तुला कसा वाटला?"

"मला काय विचारता? मी कुठे बघितला?" साजिदा मान चोळत म्हणाली. "माझी पाठ होती टीव्हीकडे. दोन दिवस तुमचं तोंड बघितलंय मी." मग म्हणाली, "ते पण वाईट नव्हतं."

 त्याला हे सुचलंच नव्हतं. दोन दिवस ती एवढ्याशा स्टुलावर बसली, एकूण एक शब्द त्याच्यापर्यंत आणला, आणि पिक्चर तिने पाहिलाच नाही. त्याला स्वतःचा राग आला. त्याने घड्याळ पाहिलं. दुपारचा एक वाजला होता.

"पाच तास आहेत," तो रमशाला म्हणाला. "पहिल्यापासून लाव."

"परत? अब्बा, जेवायचंय!"

"जेवण पुढ्यात घे. आणि तो रिमोट ठेव तिकडे, आता कुणी थांबवायचं नाही." त्याने स्टूल उचलून मोरीत ठेवलं, साजिदाला हाताला धरून गादीवर बसवलं, बरोब्बर पडद्यासमोर, आणि आपण तिच्या शेजारी बसला.

पिक्चर सुरू झाला. हूं हूं हूं तेच होतं, कान काही बरे झाले नव्हते. पण आता त्या हूं हूंमध्ये काय आहे ते हाशिमला पाठ होतं. कोण केव्हा काय बोलणार, कोण थापा मारणार, सगळं. साजिदा डोळे मोठे करून बघत होती आणि तो एकदा पडद्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. लग्नाच्या मांडवात मामाने टोपी सारखी केली आणि हाशिम जोरात हसला.

"अहो, तो अजून बोलला पण नाही!" साजिदाने त्याच्याकडे वळून दटावलं. "गप्प बसा, मला ऐकू द्या."

"बोलेल. आता बोलेल बघ," हाशिम म्हणाला.

मामा बोलला. साजिदा हसत हसत नवऱ्याच्या खांद्यावर कलंडली, आणि एकदा हसून झालेला हाशिम तिच्याबरोबर परत हसला.